नास्काचा पक्षी आणि पाच वर्षांची बोटं

सप्टेंबरचा दुसरा आठवडा लागला की सॅन अँटोनियोतल्या शाळांची झेरॉक्स मशीनं मेक्सिकन टोप्या छापायला लागतात. रुंद काठाचा सोम्ब्रेरो, तुटक रेघांचा. शेजारी मराकास नावाचे खुळखुळे, एक निवडुंग, एक गिटार, आणि खाली तशाच तुटक अक्षरांत त्यांची नावं. किंडरगार्टनच्या मुलांनी त्यावरून पेन्सिल फिरवायची, रंग भरायचे आणि कागद दप्तरात घालून घरी न्यायचा. हात लिहिता होतो आणि वारशाचीही ओळख होते, असा त्यामागचा हिशोब. 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर हा अमेरिकेत हिस्पॅनिक वारसा महिना, म्हणून हा सगळा उद्योग.

मी इथल्या सरकारी शाळांत ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. डॉक्टर नव्हे आणि शिक्षिकाही नव्हे, तरी मुलं मला सगळ्यांसारखं ‘मिस’च म्हणतात. बटण लागत नाही, कात्री चालत नाही, पेन्सिल मुठीत धरली जाते, अशी मुलं माझ्याकडे येतात. मूळची साताऱ्याची, शिकले मुंबईत केईएमला. तिथे हे शिक्षण 1950 साली कमला निंबकरांनी सुरू केलं. त्या जन्माने अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी, लग्न करून निंबकरांच्या घरात आलेल्या. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची. एका अमेरिकन बाईने मुंबईत रुजवलेली विद्या मी उलट टेक्सासात घेऊन आले, याची मला अधूनमधून गंमत वाटते.

तर माझं म्हणणं असं, की मुलांना गिरवायला द्यायचा कागद चित्र बघून निवडू नये, रेघ बघून निवडावा. आणि स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत रेघांची एवढी श्रीमंती असताना आम्ही पोरांच्या हातात दरवर्षी टोपी ठेवतो, हे मला पटत नाही.

या शहरात दहातली सहाहून अधिक माणसं हिस्पॅनिक आहेत. पुष्कळ कुटुंबं चार-चार पिढ्यांपासून इथली. त्यांच्या घरात सोम्ब्रेरो कोणी घालत नाही. वडील बेसबॉलची टोपी घालतात, आजी चर्चला जाताना केस विंचरते. त्या मुलांना ‘ही तुमची संस्कृती’ म्हणून टोपी द्यायची म्हणजे महाराष्ट्र म्हणून सगळ्यांना फेटा बांधायचा.

महिन्याचा इतिहास मात्र टोपीपेक्षा बराच खोल आहे, आणि त्याचं एक टोक इथून दीड-दोन तासांवरच्या कोटुला गावात आहे. 1928 साली लिंडन जॉन्सन नावाचा वीस वर्षांचा तरुण तिथल्या वेलहॉसन शाळेत मास्तर म्हणून आला. शाळा खास मेक्सिकन मुलांची, म्हणजे वेगळी काढलेली, आणि मुलं शेतमजुरांची, पुष्कळदा उपाशीपोटी येणारी. त्या काळी टेक्सासच्या शाळांत स्पॅनिश बोललं की शिक्षा व्हायची. पुढे हाच मास्तर राष्ट्राध्यक्ष झाला. 1968 च्या जानेवारीत त्याने द्विभाषिक शिक्षणाच्या कायद्यावर सही केली आणि त्याच वर्षी हिस्पॅनिक वारसा आठवडाही सुरू झाला. आठवड्याचा महिना झाला तो रेगन यांच्या काळात, 1988 साली. 15 सप्टेंबर ही तारीख ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वाडोर, निकाराग्वा आणि कोस्टा रिका या पाच देशांच्या 1821 च्या स्वातंत्र्याची. मेक्सिकोचा दिवस दुसराच, 16 तारखेचा. म्हणून हा महिना असा मधूनच सुरू होतो.

आता बोटांकडे. टेक्सासात 1 सप्टेंबरला पाच वर्षं पूर्ण झालेलं मूल किंडरगार्टनला येतं. त्या वयात हाताला कुठल्या रेघा जमतात याचा एक ठरलेला क्रम आहे. साधारण तिसऱ्या वर्षाच्या आसपास उभी रेघ, मग आडवी, मग गोल. चौथ्याच्या सुमारास अधिकचं चिन्ह. चौकोन त्याच्या पुढे. तिरप्या रेघा, फुली आणि त्रिकोण सगळ्यात शेवटी, पाचव्याच्या आगेमागे. आम्ही वापरतो त्या बीरी चाचणीत आकृत्या साधारण याच क्रमाने येतात, आणि त्यातल्या पहिल्या नऊ ज्याला बघून काढता येतात, त्याला अक्षरंही बरी जमतात, असं आढळलेलं आहे. तिरपी रेघ अवघड, कारण तिच्यात हाताला एकाच वेळी खाली आणि बाजूला जायचं असतं. म्हणून केचे हात मोडतात, एक्सची फुली विस्कटते, ए चा तंबू कोसळतो.

सोम्ब्रेरोच्या कागदात यातलं काय आहे? एक लांबलचक लंबगोल, त्यावर एक उंचवटा, काठावर नक्षीची बारीक गिचमीड. ज्याला साधा गोल अजून बंद करता येत नाही, ते मूल त्या नक्षीत अडकतं. ज्याला येतो, ते अर्ध्या मिनिटात कागद संपवून शेजारच्याची पेन्सिल पळवतं. कागद कोणालाच काही शिकवत नाही.

याउलट पनामाचा मोला घ्या. पनामाच्या किनाऱ्यावर आणि बेटांवर राहणाऱ्या गुना लोकांच्या बायका आपल्या पोलक्यावर मोला शिवतात. दोन-तीन रंगांची कापडं एकावर एक ठेवायची, वरचं कापून खालचा रंग उघडा करायचा, कडा आत दुमडून बारीक टाक्यांनी शिवायच्या. त्यातून मासा, पक्षी, कासव उमटतं, पण नजरेत भरते ती रेघ. माशाच्या आत दुसरी रेघ, तिच्या आत तिसरी, सगळ्या एकमेकींपासून सारख्या अंतरावर, कुठेही न चिकटता.

मी माशाची फक्त बाहेरची रेघ छापते, जाड आणि सलग. मुलाने ती एकदा गिरवायची. मग रंग बदलून तिच्या आतून दुसरी रेघ स्वतः काढायची. पहिलीला हात लावायचा नाही आणि लांबही जायचं नाही. मग तिसरी. पहिली रेघ छापलेली, दुसरी अर्धी आधाराची, तिसरी बहुतेक पूर्ण मुलाची. गिरवण्यातून लिहिण्याकडे जाण्याचा रस्ता एका माशाच्या पोटात मावतो. पेन्सिलीवरचा ताबा म्हणतात तो हाच: कुठे थांबायचं, कुठे वळायचं आणि किती दाबायचं हे हाताला कळणं. पाच वर्षांचं मूल या माशावर ज्या एकाग्रतेने जीभ बाहेर काढून बसतं, ती मी टोपीवर कधी पाहिली नाही.

मोला दाखवताना वर्गात एक गोष्टही सांगता येते. 1925 साली पनामाच्या सरकारने गुना बायकांचा पोशाख आणि चालीरीती बंद करायला घेतल्या, तेव्हा गुना उठाव करून उभे राहिले. आज त्यांचा प्रदेश स्वायत्त आहे आणि मोला देशाची शान म्हणून मिरवला जातो. पाच वर्षांच्यांना यातलं एवढंच पुरतं: ‘कोणीतरी म्हणालं, हे घालू नका. त्या म्हणाल्या, घालणार.’ हे मुलांना ताबडतोब कळतं. गुना लोकांची भाषा स्पॅनिश नाही, त्यामुळे त्यांना हिस्पॅनिक म्हणावं का, असा प्रश्न एका शिक्षिकेने मला विचारला होता. प्रश्न रास्त आहे. या महिन्यात जे जे देखणं म्हणून भिंतीवर लागतं, त्यातलं निम्मं तरी स्पॅनिश जहाजं येण्याआधीपासून तिथे राहणाऱ्या लोकांचं आहे. ते सांगावं आणि पुढे जावं. महिन्याच्या नावासाठी मासा सोडू नये.

पेरूतल्या नास्काच्या रेघा तर त्याहून जुन्या, साधारण इसवी सनापूर्वी 500 ते इसवी सन 500 या काळातल्या. वाळवंटात वरचे तांबूस काळपट दगड बाजूला केले की खालची फिकट जमीन दिसते. एवढ्या साध्या युक्तीने त्यांनी माकड, कोळी आणि पक्षी काढले. त्यातला लांब चोचीचा हमिंगबर्ड नव्वद मीटरहून लांब आहे. अशा कित्येक आकृत्या एकाच सलग रेघेच्या आहेत. रेघ निघते, पंख, शेपूट, चोच फिरून येते आणि स्वतःला कुठेही छेदत नाही.

हा पक्षी मी आधी खडूने शाळेच्या पटांगणात काढते, मुलांनी त्यावरून चालत जायचं. पाय आधी आणि बोटं नंतर, कारण रेघेचं वळण मोठ्या हालचालीत आधी कळतं. मग वर्गात पांढऱ्या ट्रेमध्ये गडद रंगाची वाळू पसरते. बोटाने वाळू सरकवली की खालचा पांढरा रंग उघडा पडतो, म्हणजे नास्काच्या लोकांनी केलं तेच, फक्त ट्रेएवढं. धुळाक्षरांवर वाढलेल्या मराठी माणसाला हे नवीन नाही. पेन्सिल येते ती सगळ्यात शेवटी. कागदावरच्या पक्ष्याला मी दोन रेघांमधली वाट ठेवते, सुरुवातीला बोटभर रुंद, पुढच्या आठवड्यात अर्धी. वाटेतून पेन्सिल काठाला न लागता न्यायची.

तिरप्या रेघांसाठी कोस्टा रिकातल्या सार्ची गावची बैलगाडी आहे. तिथे लाकडी चाकं मधोमध ताऱ्यासारखी नक्षी काढून रंगवतात, आणि पूर्वी नक्षीवरून गाडी कुठल्या भागातली ते ओळखू यायचं. चाक भिंतीला चिकटवायचं आणि मुलांनी उभं राहून मधल्या बिंदूपासून बाहेर रेघा ओढायच्या. उभ्या कागदावर काम केलं की मनगट आपोआप मागे वळतं आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट पुढे येतात. त्यासाठी ओरडावं लागत नाही.

मेक्सिकोतल्या पापेल पिकादोला, म्हणजे कापून केलेल्या पातळ कागदाच्या पताकांना, मी कात्रीचं काम देते. पुएब्ला राज्यातलं हुइश्कोलोत्ला गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथले कारागीर कागदांची थप्पी लावून छिन्नी-हातोडीने एका दमात कापतात. आमच्या मुलांनी कागदाची घडी घालून काठाला कंगोरे आणि नागमोडी कापायची. कात्री चालवणारा हात पेन्सिलीलाही बळकट होतो, हे शिक्षिकांना सांगावं लागतं. कागद सांडतो म्हणून कात्री टाळण्याकडे सगळ्यांचा कल.

हे झालं रेघेचं. पण गिरवणं म्हणजे लिहिणं नव्हे, आणि इथे मला माझ्याच क्षेत्रातल्या दुकानदारीवर जरा बोलायचं आहे. बाजारात शेकड्याने वर्कबुकं मिळतात, पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत तुटक अक्षरांची. मूल त्या ठिपक्यांवरून जाताना नीट बघा. ते अक्षर काढत नसतं, एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर उडी मारत असतं. रेघ थरथरत, थांबत, पुन्हा सुरू होत जाते. वर कागद फक्त शेवटी काय दिसलं ते सांगतो. हात कुठून निघाला, हे सांगत नाही. इंग्रजीतली सी, ओ, ए, डी, जी आणि क्यू ही सगळी अक्षरं एकाच वळणाने सुरू होतात, वरून डावीकडे, घड्याळाच्या उलट. पुष्कळ मुलं ओ खालून सुरू करून उजवीकडे फिरवतात. कागदावर ओ उत्तमच दिसतो, बाई चांदणी देतात, आणि दुसरीत गेल्यावर भरभर लिहायची वेळ आली की त्या मुलाचे ए आणि डी एकमेकांत गुंततात. म्हणून सुरुवातीला हिरवा ठिपका, बाण, आणि पहिल्या वेळी शेजारी बसलेलं मोठं माणूस, एवढं हवंच.

2012 साली इंडियाना विद्यापीठातल्या करीन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांनी काही अक्षरं हाताने स्वतः काढली, काही गिरवली, काही कीबोर्डवर दाबली. नंतर तीच अक्षरं दाखवून त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. वाचताना मेंदूचे जे भाग जागे होतात ते उठून दिसले हाताने काढलेल्या अक्षरांच्या वेळी. टंकलेल्यांना तो परिणाम नव्हता आणि गिरवलेल्यांनाही नव्हता. त्याआधी, 1997 साली, व्हर्जिनिया बर्निंगर यांच्या गटाला पहिलीतल्या मुलांबाबत दिसलं होतं, की आकडे घातलेल्या बाणांचं अक्षर बघायचं, मग ते झाकायचं आणि आठवून लिहायचं, ही पद्धत सगळ्यात फळते.

झाकण्यातच सगळं आहे. मुलाने स्वतः काढलेला ओ वेडावाकडा असतो, दर वेळी वेगळा, आणि त्या वेडेवाकडेपणातून ओ म्हणजे नेमकं काय ते त्याला उमगतं. म्हणून माझा नियम: दोनदा गिरव, एकदा बघून काढ, मग हात ठेवून झाक आणि आठवून काढ. सबंध पानभर गिरवायला देणाऱ्या शिक्षिकेशी माझं नेहमी भांडण होतं. गोड भांडण, पण होतं.

सगळ्यात चांगला गिरवण्याचा कागद म्हणजे मुलाचं स्वतःचं नाव. जगात कुठेही मूल पहिला शब्द लिहितं तो बहुधा हाच. पण इथे एक मेख आहे. स्पॅनिशच्या सत्तावीस अक्षरांत एक ‘एन्ये’ आहे, एनच्या डोक्यावर लाटेसारखी छोटी रेघ. पेन्या, मुन्योस, नून्येस अशा आडनावांत ते येतं. सोफिया, होसे, हेसूस यांच्या स्वरांवर तिरपा आघात असतो. शाळेच्या संगणकांतून निघालेल्या नावाच्या पट्ट्यांवर यातलं बऱ्याचदा काहीच उमटत नाही. पट्टीवरून गिरवणारं मूल आपलं नाव आयुष्यभरासाठी लाटेशिवाय शिकतं. मी पट्ट्या हाताने लिहिते. एका मुलीच्या आजीने ती पट्टी पाहून मला थांबवलं आणि म्हणाली, “मिस, माझ्या मुलाच्या वहीवर ही लाट कोणी कधी घातली नव्हती.” नातीने तोवर लाटेच्या सहा प्रती काढल्या होत्या, दोन नावावर आणि बाकीच्या टेबलावर.

पकडीबद्दल पालक खूप घाबरलेले असतात, म्हणून थोडक्यात. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाची पकड साधारण साडेचार ते सहा वर्षांत बसते. चार बोटांनी धरणारी मुलंही चांगलं लिहितात, त्यांना छळू नये. नवीन लांब पेन्सिलीपेक्षा खडूचा किंवा क्रेयॉनचा तुटका तुकडा बरा, कारण अंगठ्याएवढा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो रांगोळीच्या चिमटीतच धरावा लागतो. क्रेयॉन मोडायला मी मुलांनाच सांगते. वर्षातला तो त्यांचा सगळ्यात आनंदाचा तास.

आणि चिमटीच्या व्यायामाला टेक्सासातल्या मेक्सिकन घरांत एक तयार साधन आहे, त्याची कोणी वर्कशीट काढत नाही. लोतेरिया. आपल्या हौजीचा चुलतभाऊ म्हणता येईल असा खेळ, पण आकड्यांऐवजी चित्रं: कोंबडा, छत्री, जलपरी, चंद्र, मडकं. चोपन्न पत्ते. आज घरोघर दिसणारी चित्रं डॉन क्लेमेंते या नावाच्या 1887 सालच्या संचातली. हाकारा चित्राचं नाव घेतो, अनेकदा कोड्यात किंवा यमकात, आणि ज्याच्या पाटीवर ते असेल त्याने त्यावर एक सुकं बी ठेवायचं. बी घेवड्याचं, पिंटो जातीचं, प्रत्येक स्वयंपाकघरात असलेलं. पाच वर्षांच्या मुलाने तासभर ढिगातून एकेक बी उचलायचं, चौकटीत नेमकं ठेवायचं आणि शेजारचं हलू द्यायचं नाही. दुकानातल्या चिमट्याच्या आणि मण्यांच्या महागड्या संचात याहून जास्त काही नसतं, आणि त्या संचाबरोबर आजी मिळत नाही.

मराठी मित्रमंडळींना वाटतं हे सगळं मेक्सिकोवाल्यांचं. अमेरिकेतल्या मराठी शाळांत, रविवारच्या वर्गांत, पालक देवनागरीची तुटक अक्षरं छापून आणतात. त्यांचं दुखणं हेच, शिवाय एक वेगळं. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं आणि आपलं वरच्या रेघेला लटकतं. इथे वाढलेलं मूल क ला खालच्या रेघेवर बसवतं आणि शिरोरेघ मागाहून टोपीसारखी घालतं. त्याला दोन्ही चालीचे बाण वेगळे दाखवावे लागतात. आणि रेघेसाठी कोणाला महाराष्ट्राकडे बघायचंच असेल तर डहाणू-तलासरीकडे बघावं. वारली चित्रात गोल, त्रिकोण आणि चौकोन एवढ्यावर सगळी माणसं, झाडं, लग्नाचा चौक उभा राहतो. दोन त्रिकोण टोकाला टोक लावले की माणूस झाला. बीरी चाचणीतला अवघड त्रिकोण तिथे नाचताना सापडतो. त्याच मुलखात, कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांची बालवाडी चालवली, आजूबाजूला मिळेल त्या साधनांवर.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पालक-शिक्षक सभा असते. दर वर्षी एखादी आई विचारते, “मिस, कुठलं वर्कबुक घेऊ?” मी विचारते, घरी लोतेरिया आहे का? बहुतेक जणींच्या आईकडे असतो, कपाटावर, एक-दोन पत्ते हरवलेला. हरवलेल्या पत्त्यांची चित्रं मुलाकडून काढून घ्या, असं मी सांगते. कोंबडा हरवलेला असेल तर थोडा वेळ लागेल, चंद्र सोपा आहे.